मधली सुट्टी

(पडद्यावर: सकाळ. माण तालुक्यातली एक वाडी. आई मुलीच्या वेण्या घालते आहे. रिबिनीची गाठ बसली की निवेदन सुरू.)

आज वेण्या जरा जास्तच घट्ट बसल्यात. पोर सहा वर्षांची. दुपारपर्यंत ती साताऱ्यात असेल. कर्णबधिरांच्या शाळेनं घेतलं तर जूनपासून तिथंच राहील, वसतिगृहात.

कुठं जायचंय हे तिला सांगायचं कसं, याचा घोळ घरात आठवडाभर चालला. घरातल्या खुणा मोजून पंधरा-वीस. जेवण, पाणी, झोप, शेळी. बाबा म्हणजे मिशी. "उद्या" नाही. "परत येशील" तर नाहीच.

(पडद्यावर: एसटीची खिडकी. मांडीवर कागदांची पिशवी.)

ऐकू येत नाही हे कळलं तिसरं वर्ष सरल्यावर. आजी म्हणायची, हिचा बापही उशिराच बोलला. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की पोर दचकायची, म्हणून सगळे निर्धास्त. या दचकण्यानं फार आई-बापांना फसवलंय. बॉम्बचा दणका जाणवणं वेगळं, आणि मागून मारलेली हाक ऐकू येणं वेगळं.

बाळ महिन्याचं व्हायच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा डॉक्टरांचा हिशोब. इथं निदानालाच तीन वर्षं गेली. मुलीला झोपवून, कपाळाला नि कानामागं तारा चिकटवून बेरा नावाची ऐकण्याची चाचणी झाली. दोन्ही कानांत ९० डेसिबलची हानी, म्हणजे त्याहून हळू आवाज ऐकूच येत नाही. आपण समोरासमोर बोलतो ते साधारण ६०. दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी असली की २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मुलाला कर्णबधिर मानतो.

श्रवणयंत्र मिळालं. घरच्यांना वाटलं, आता बोलेल. यंत्रानं आवाज कानात पडला, पण तो कशाचा, हे यंत्र सांगत नाही. ते कुणीतरी रोज, शंभरदा शिकवावं लागतं.

पिशवीत जन्मदाखला, आधार, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, हा हक्कच आहे. गावातली साधी शाळा की विशेष शाळा, ही निवडही कायद्यानं दिलेली. कागद सोपे आहेत हो. निवड अवघड.

(पडद्यावर: वर्ग. भिंतीवर आरसा. बाई ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात.)

"फ" म्हटलं की पट्टी हलते. "म" म्हणताना बोट नाकावर ठेवायचं, तिथं थरथर लागते. "क" आणि "ग" मधला फरक गळ्यावर हात ठेवून शोधायचा. आता टीव्हीचा आवाज बंद करा आणि कुणाला तरी म्हणायला लावा: पाय, बाय, माय. ओठांवर तिन्ही सारखेच. नुसत्या ओठांवरून भाषा शिकायची म्हणजे काय, ते या तीन शब्दांत कळतं.

तरी आपल्याकडं वर्षानुवर्षं बऱ्याच शाळांचा भर तोंडी बोलण्यावरच राहिला. हात हलवले तर वाचा येणार नाही, अशी भीती. मुलं मात्र शिक्षकांची पाठ वळली की हातानंच बोलायची. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संस्था निघाली ती २०१५ मध्ये.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसातल्या ढाली बघून परत फिरू नका. मधल्या सुट्टीपर्यंत थांबा.

(पडद्यावर: पटांगण. इथं निवेदन पंधरा सेकंद थांबेल. मूळ आवाज तसाच ठेवायचा.)

कर्णबधिरांची शाळा शांत असते, असं कुणी सांगितलं? हाक मारायला पाय आपटतात, खांदे हलवतात, खदखदून हसतात. एक मुलगा डब्यातल्या भेंडीची तक्रार दोन्ही हातांनी करतोय आणि समोरचा वाद घालतोय. डोळे आणि बोटं एवढी भराभर, की आपणच बहिरे.

आपली पोर आईच्या पदराला धरून उभी. चौथीतली एक मुलगी येते, तिला निरखते, तिच्या वेणीकडं बोट दाखवते आणि एक खूण करते. मग बाकीच्यांना तीच खूण करून दाखवते. बाई आईला समजावतात, "हे तिचं नाव ठेवलं त्यांनी. इथं प्रत्येकाचं असतं."

आई थोडा वेळ गप्प राहते. मग विचारते, "बाई, 'परत येईन'ला काय करायचं?"

बाई दाखवतात. आई करते, चुकते. चौथीतली मुलगी तिचे हात धरून नीट करून देते.

(पडद्यावर: संध्याकाळ. परतीची एसटी. पोर आईच्या मांडीवर झोपलेली.)

दहिवडी येईपर्यंत आई खिडकीच्या काचेत बघून ती खूण करत राहते.