शेपटाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

मराठी भाषेनं कुत्र्याच्या शेपटाकडे बारकाईनं पाहिलेलं आहे. घाबरलेला माणूस शेपूट घालतो, लाचार माणूस शेपूट हलवतो, आणि कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पण डोबरमन, रॉटवायलर, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल यांच्या मागे पाहिलं तर तिथे बोटभर खुंट असतो. या जाती जन्मतःच अशा असतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. डोबरमनचं पिल्लू लांब, बारीक, टोकदार शेपूट घेऊनच जन्माला येतं. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, ते कापलं जातं. पिल्लाचे डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणजे तेव्हा त्याचे डोळेही मिटलेले असतात. त्याला विकत घेणारा माणूस तर अजून घरातून निघालेलाही नसतो. आज या कापण्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. शेपूट म्हणजे पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग. त्यात साधारण वीस मणके असतात, जातीनुसार कमीजास्त. त्यांच्याभोवती स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. बुडाशी असलेल्या स्नायूंपैकी काही ओटीपोटाच्या तळाशी आणि गुदद्वाराच्या आसपास जोडलेले असतात. कापताना पिल्लाला तळहातावर धरतात, कातडी अंगाकडे मागे ओढतात आणि दोन मणक्यांच्या मधून कात्री चालवतात. सोडलेली कातडी पुढे सरकून हाडाचं टोक झाकते, त्यावर एक किंवा दोन टाके. डोबरमनमध्ये दुसऱ्या सांध्यापाशी कापायची रूढी आहे, म्हणजे वीसातले दोनच मणके शिल्लक राहतात. भूल बहुतेक वेळा दिलीच जात नाही. दुसरी रीत रबरी कड्याची. कडं घट्ट बसवलं की पुढचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग काळा पडतो, वाळतो आणि काही दिवसांत गळून पडतो. रक्त सांडत नाही म्हणून ही रीत सौम्य समजली जाते. खरं तर त्यात जिवंत आणि मेलेल्या मांसाची सीमा कित्येक दिवस उघडी राहते. जंतूंना, त्यातही धनुर्वाताच्या जंतूंना, याहून सोयीची जागा मिळणार नाही.

बिघडतं काय? कातडी पुरेशी मागे ओढली नसेल तर हाडाचं टोक टाक्यांतून वर येतं. आई पिल्लांना सतत चाटते, त्यात टाके सुटतात. पिल्लं ज्या चादरीवर झोपतात तिथेच लघवी-शी करतात, त्यामुळे जखम चिघळते. तीन दिवसांच्या पिल्लाचं शेपूट मोठेपणी किती लांब दिसेल हा अंदाजच असतो. तो चुकला की सहा महिन्यांनी 'थोडं अजून काढा' म्हणत माणूस पुन्हा दवाखान्यात हजर. आणि कापलेल्या मज्जातंतूंच्या टोकाला कधीकधी गाठ तयार होते. अशी गाठ धरलेल्या सहा कुत्र्यांची नोंद 1990 साली पशुवैद्यकीय साहित्यात आली. असा कुत्रा खुंट चावत राहतो, त्या जागी हात लावू देत नाही, आणि घरच्यांना वाटतं त्याला चावायची खोड लागली.

आता नेहमीचा युक्तिवाद: एवढ्या लहान पिल्लाला कळतंय काय? त्याच्या मज्जातंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण आलेलं नसतं, म्हणून दुखत नाही, असं शास्त्राच्या आवाजात सांगितलं जातं. हे चूक आहे. रेंगाळणारी, ठणकणारी वेदना वाहून नेणारे जे बारीक तंतू असतात त्यांच्यावर पूर्ण वाढलेल्या प्राण्यातही मायलिन नसतं. उलट, मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी यंत्रणा नवजात पिल्लात अजून पक्की झालेली नसते. ऑस्ट्रेलियात 1996 साली डोबरमन, रॉटवायलर आणि बूव्हिए जातीच्या 50 पिल्लांचं निरीक्षण छापून आलं, त्यात कापताना सगळी पिल्लं ओरडली. काही मिनिटांत ती शांत होतात हेही खरं. पण 'बघा, लगेच दूध प्यायला लागलं' हा पुरावा धरता येत नाही. आचळाला लागणं हाच नवजात पिल्लाचा वेदना शमवण्याचा मार्ग आहे.

ही प्रथा आली कुठून? पहिल्या शतकातला रोमन शेतीतज्ज्ञ कोलुमेला लिहितो, की मेंढपाळ चाळीस दिवसांच्या पिल्लाच्या शेपटाचं टोक दातांनी तोडतात आणि आतली शीर ओढून काढतात, म्हणजे कुत्रा पिसाळत नाही अशी त्यांची समजूत. पिसाळणं विषाणूमुळे होतं हे कळायला पुढची अठरा शतकं जायची होती. कारण खोटं ठरलं, कापणं मात्र राहिलं. मग नवी कारणं आली: भांडणात पकडायला काही राहू नये, झुडपात फाटू नये, आणि शेवटी 'जात उठून दिसते'. डोबरमन हा जर्मनीतल्या अपोल्डा गावचा. जर्मनीनं त्याचे कान कापणं 1987 पासून आणि शेपूट कापणं 1998 पासून थांबवलं, अपवाद ठेवला तो फक्त शिकारी कुत्र्यांचा. म्हणजे या जातीच्या जन्मगावी आज लांब शेपटाचा डोबरमन फिरतो आणि आपल्याकडे खुंटवाला 'ओरिजिनल' म्हणून खपतो.

या वादात एकच बाजू खरी आणि दुसरी निव्वळ क्रूर, असं मात्र नाही. शेपूट शाबूत ठेवलं तर त्याला इजा होण्याचा धोका किती, हा प्रश्न मोजता येतो आणि तो मोजला गेला आहे. ब्रिटनमधल्या दवाखान्यांत आलेल्या सुमारे 1 लाख 38 हजार कुत्र्यांच्या नोंदींवरून 2010 साली निघालेला निष्कर्ष असा: शेपटाला इजा झालेले कुत्रे 0.23 टक्के, आणि एक इजा टाळायची तर साधारण 500 पिल्लांची शेपटं कापावी लागतील. घरातल्या कुत्र्यापुरता हिशेब इथेच संपतो. एकाच्या संभाव्य जखमेसाठी पाचशेंना खात्रीची जखम.

पण 2014 साली स्कॉटलंडमधून वेगळा आकडा आला. तिथे शिकारीच्या मोसमात काटेरी झुडपांत घुसून पक्षी उठवणारे स्पॅनियल आणि पॉइंटर जातीचे कुत्रे पाहिले गेले. शेपूट न कापलेल्या काम करणाऱ्या स्पॅनियलांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी एका मोसमात इजा झाल्याचं कळवलं. अशा कुत्र्यांत एका मोसमातली एक इजा टाळायला 2 ते 18 पिल्लांची शेपटं कापणं पुरेल असा अंदाज निघाला. ही माहिती मालकांनी स्वतः कळवलेली, तेवढी सावधगिरी ठेवावी. तरी पाचशे आणि दोन यांतलं अंतर नजरेआड करता येत नाही. स्कॉटलंडनं 2007 पासून सरसकट बंदी घातली होती. 2017 साली या दोन गटांपुरती ती सैल केली, तीही पाचव्या दिवसाच्या आत, पशुवैद्याच्या हातून आणि टोकाकडचा फार तर एक तृतीयांश भाग, एवढ्याच सवलतीसह. खुंट ठेवायची मुभा तिथेही नाही.

आता हा अपवाद आपल्याला लागू होतो का? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक आणि कुत्रा घेऊन पक्ष्यांमागे जायची सोयच उरलेली नाही. ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरचा कॉकर स्पॅनियल जास्तीत जास्त पडद्याच्या झालरीत अडकेल. आणि इथला खरा शिकारी कुत्रा, मराठवाड्यातला कारवान, पूर्ण लांब शेपूट घेऊन धावतो. सशामागे सुसाट जाताना एकदम वळायचं तर तोल सांभाळायला ते लागतं. त्याला कोणी कापत नाही.

शेपटाचं आणखी एक काम आहे. इटलीतल्या बारी विद्यापीठात 2007 साली असं दिसलं, की मालक समोर आला की कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकून हलतं आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात संशोधकांनी दुरून चालवता येणारा खोटा कुत्रा बनवला. त्याला कधी लांब शेपूट लावलं, कधी आखूड, कधी हलतं, कधी स्थिर. मोठे कुत्रे लांब हलत्या शेपटाकडे बिनधास्त जात आणि लांब स्थिर शेपटापाशी जपून. शेपूट आखूड असलं की हलतंय की थांबलंय, याचा त्यांच्या वागण्यावर फरक पडत नसे. म्हणजे निरोप पोचतच नसे. सकाळी गल्लीत चार भटके कुत्रे समोर येतात तेव्हा खुंटवाला डोबरमन 'मी भांडायला आलो नाही' हे सांगणार कशानं?

कायद्याचं सांगायचं तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 11 मध्ये प्राण्याचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात काही गोष्टी वगळलेल्या आहेत: गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं, आणि तेही ठरवून दिलेल्या पद्धतीनं. शेतकऱ्याच्या कामाच्या गोष्टी यादीत आल्या. कुत्र्याच्या शेपटाचं नाव त्यात नाही. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पिल्लाची किंमत हजारांत असताना या दंडाला कोण भिणार.

इंग्लंडनं नेमकी बाजारालाच मेख मारली. 6 एप्रिल 2007 नंतर कापलेलं शेपूट असलेला कुत्रा, तिकीट लावलेल्या प्रदर्शनात दाखवायचाच नाही. अपवाद, कामाचं प्रात्यक्षिक असेल तर. ढाल-चषकाची आशा गेली की कात्रीची घाई आपोआप कमी होते.

ज्यांना आखूड शेपटाचंच रूप हवं आहे त्यांच्यासाठी ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ ब्रूस कॅटनॅक यांनी 1990 च्या दशकात एक वाट दाखवली. कॉर्गी या जातीचे काही कुत्रे जन्मतःच आखूड शेपटाचे असतात, एका जनुकातल्या बदलामुळे. त्यांनी कॉर्गीचा बॉक्सरशी संकर केला, पिल्लांचा पुन्हा बॉक्सरशी, आणि चार पिढ्यांत अस्सल दिसणारे, जन्मतः आखूड शेपटाचे बॉक्सर मिळवले. अट एकच: असे दोन कुत्रे एकमेकांशी लावायचे नाहीत, कारण तो जनुक दोन्हीकडून आला तर गर्भ टिकत नाही.

डोबरमन किंवा रॉटवायलर घ्यायचा विचार असेल तर हे लक्षात घ्या: पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू बघायला जाल तेव्हा निर्णय सहा आठवड्यांपूर्वीच झालेला असतो. म्हणून मादी गाभण असतानाच ब्रीडरला सांगावं, शेपूट ठेवायचं, आणि आगाऊ रक्कम त्याच अटीवर द्यावी, लेखी. गाभणकाळ सुमारे 63 दिवसांचा, तेवढा वेळ हाताशी असतो. पिल्लं जन्मल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोटो मागवावा.

शेपूट ठेवलं की त्याची निगाही आली. आखूड केसांचे मोठे कुत्रे, लॅब्रॅडोर, ग्रेट डेन, आनंदानं शेपूट भिंतीवर आपटत राहतात. टोक फुटतं आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडतात. जखम स्वच्छ करून टोकाला हलकी पट्टी बांधावी, पण आवळून नाही. आवळली तर पुढची कातडी थंड आणि काळपट पडते, मग आपणच रबरी कडं बसवल्यासारखं होतं. पट्टी रोज उघडून पाहावी, जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात चोंगा घालावा, आणि अरुंद पॅसेजमधून कुत्र्याचं स्वागत मोकळ्या खोलीत हलवावं. भरपूर पोहून आलेल्या लॅब्रॅडोरचं शेपूट दुसऱ्या दिवशी एकदम लुळं लोंबलं तर ते मोडलं असंच नाही. बुडाचे स्नायू दुखावलेले असू शकतात आणि ते विश्रांतीनं काही दिवसांत सुधारतं. तरी एकदा दाखवून घ्यावं. आठवडेच्या आठवडे उलटूनही टोकाची जखम भरत नसेल, हाड दिसत असेल किंवा गाठ असेल, तर शेपूट कापणं हा उपचार ठरतो. ते पूर्ण भूल देऊन, वेदनाशामक देऊन, दोन मणक्यांच्या मधून, जितकं लागेल तितकंच. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी टाके काढायला न्यायचं, तोवर चोंगा उतरवायचा नाही.