दोन किलवर

(दृश्य: ब्रिजचा डाव. हिरवं कापड घातलेलं टेबल. बोलीची कार्डं ठेवलेल्या बिडिंग बॉक्समधून एक कार्ड बाहेर येतं.)

हिच्या हातात किलवरची दोनच पानं आहेत, तीही बारकी. तरी हिची बोली आहे दोन किलवर, म्हणजे एरवी, किलवर हुकूम धरून सहाच्या वर दोन हात करू. समोरच्या भिडूने एक नो ट्रम्पने (हुकमाविना) सुरुवात केली होती, म्हणजे त्याच्याकडे १५ ते १७ गुण. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. आता ही विचारतेय, इस्पिक किंवा बदामची चार पानं आहेत का तुझ्याकडे? नसतील, तर तो दोन चौकट म्हणेल.

हे स्टेमन कन्व्हेन्शन, म्हणजे बोलीला भिडूंनी ठरवून दिलेला वेगळा अर्थ. कल्पना जॉर्ज रॅपी यांची. १९४५ साली त्यावर लेख लिहिला त्यांचे भिडू सॅम्युएल स्टेमन यांनी, आणि नाव त्यांचंच राहिलं.

ब्रिजच्या बोलीत एकूण शब्द ३८. पस्तीस बोली, शिवाय पास, डबल आणि रिडबल. तेवढ्यात तेरा पानं सांगायची. म्हणून काही शब्दांना दुसरं काम दिलं जातं, पण त्यांचं जुनं काम सुटतं. स्टेमन घेतलं, की लांब किलवर, म्हणजे बरीच किलवर पानं घेऊन दोनवर थांबता येत नाही.

(दृश्य: डाव संपलेला. दोघं पानांकडे बघत गप्प.)

इथे घोटाळा झालाय. एक नो ट्रम्पवर ही म्हणाली चार नो ट्रम्प. हिला म्हणायचं होतं, सतरा गुण असतील तर सहा नो ट्रम्पवर चल. त्याला वाटलं ब्लॅकवुड हे दुसरं कन्व्हेन्शन, म्हणजे एक्के विचारतेय. दोन एक्के होते, म्हणून ब्लॅकवुडच्या उत्तरात तो म्हणाला पाच बदाम. हिला वाटलं, याच्याकडे बदाम लांब आहेत. सहा बदाम! दोघांचे मिळून बदाम सहाच, हुकमाची सात पानं विरोधकांकडे. दोघांनीही शिकलेलं नीट वापरलं होतं. फक्त एकमेकांना विचारलं नव्हतं.

आम्हाला तरी वाटतं, नव्या जोडीने दहा कन्व्हेन्शन्स अर्धवट घेण्यापेक्षा तीन पक्की करावीत. मध्ये विरोधकाने डबल दिला, तर दोन किलवरचा अर्थ तोच राहतो का? तिसऱ्याने बोली घुसवली तर? डाव उघडण्याआधी पास दिलेला असेल तर? खरा अभ्यास या प्रश्नांचा.

आणि हे ठरलेलं लपवायचं नसतं. मेंढीकोट खेळताना भिडूला डोळ्याने खुणावलेलं आपल्याला आठवतं. ब्रिजमध्ये भिडूंचा प्रत्येक करार विरोधकांनाही खुला, कन्व्हेन्शन कार्डावर लिहिलेला. मोठ्या स्पर्धांत तर टेबलावर तिरका पडदा असतो, भिडूचा चेहराही दिसत नाही.

२०१८ साली जकार्तात आशियाई खेळांमध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं. पुरुषांच्या जोडीचं सुवर्ण जिंकलं साठ वर्षांचे प्रणव बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी. दोघंही पश्चिम बंगालचे.

(दृश्य: पेन्सिलीने कार्ड भरणारे दोन हात.)

नवीन ओळ लिहिली जातेय. एक नो ट्रम्पवर चार नो ट्रम्प: एक्के नाहीत, गुण विचारतोय. तो लिहितो. ती वाचून दाखवायला सांगते.