काटा पासष्टवर

[दृश्य: मे महिना, दुपारचे दोन. डांबरावर थरथरणारी हवा.]

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ. पारा चाळिशीला टेकलाय. धावपट्टीवर मृगजळ, पलीकडच्या नांगरून ठेवलेल्या काळ्या रानातून वावटळ उठतेय. चार आसनांचं छोटं विमान फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, वळतंय.

[दृश्य: वेगाचा काटा, अगदी जवळून.]

६५ नॉट, म्हणजे तासाला सुमारे १२० किलोमीटर. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेत पूर्ण फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) सोडून उतरायला ६० ते ७० नॉट दिलेत. यामागचा जुना हिशेब असा: ज्या वेगाला विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरेनासे होतात, त्याच्या साधारण १.३ पट.

मग आपला उन्हाळा आडवा येतो कुठे? काट्यावर नाही, डोळ्यांत. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. चाळीस अंशांत इथली हवा पाच हजार फुटांवर असावी इतकी विरळ होते. पंखांना जेवढा हवेचा दाब मिळतो, तेवढाच काट्याला कळतो, म्हणून ६५ हा आकडा बदलायचा नाही. पण विमान खरं जवळपास ७० नॉटनं चाललेलं असतं. डिसेंबरच्या पहाटेपेक्षा जमीन जास्त जोरात पळताना दिसते, आणि इथे पहिली चूक: नवख्याचा हात नकळत योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, मागे ओढतो. वेग उतरतो, खाली उंची उरलेली नसते. त्यात विमान वळणात असेल तर आणखी वाईट, कारण ३० अंश कलल्यावर स्टॉलचा वेगच सात टक्क्यांनी वाढतो.

आणि दुसरी चूक. "असू दे की दहा नॉट जास्त." मला हिची जास्त धास्ती वाटते, कारण ती करताना आपण सांभाळूनच उडतोय असं वाटत असतं. ६५ ऐवजी ७५ म्हणजे गतीची ऊर्जा एक तृतीयांशानं जास्त. विमान टेकतच नाही, तरंगत राहतं. धावपट्टी मागे जात राहते.

वेग वाढवावा, पण हिशेबानं. वारा १० नॉट आणि झोत २० पर्यंत जात असतील, तर फरकाचा निम्मा, म्हणजे पाच. विमान हलकं असेल तर उलट कमी करावा: वजन २० टक्क्यांनी घटलं की स्टॉलचा वेग साधारण दहा टक्क्यांनी उतरतो.

हे गणित फायनलवर मांडत बसायला वेळ नसतो. ते आधीच, डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जाताना.

[दृश्य: धावपट्टीचं टोक.]

इंजिनाचा थ्रॉटल मागे. नाक हळूच वर. स्टॉलच्या इशाऱ्याचा भोंगा कुईं करतो, मागची दोन चाकं टेकतात. नाकाचं चाक अजून हवेतच आहे.