ते चोरट्यासारखं का बघतं?

हे कुत्र्याचं पिल्लू बघा, अडीच महिन्यांचं आहे. मालकीण आत्ताच घरात आली, सोफ्याजवळ शू दिसली आणि तिचा आवाज चढला, तर याने लगेच कान मागे पाडले, शेपटी पोटाशी घेतली, नजर दुसरीकडे. आपण काय म्हणतो, बघा कसा चोरासारखा बघतोय, कळतंय त्याला सगळं.

नाही हो कळत. 2009 मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी नेमकं हेच तपासलं होतं, आणि दिसलं असं की कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंधच नव्हता, मालक ओरडला की तो चेहरा यायचा. म्हणजे ती भीती आहे, ती शांत व्हा अशी विनवणी आहे.

शू झाली अर्ध्या तासापूर्वी, ओरडा बसला आत्ता, या दोन्हीचा मेळ त्या जिवाने कसा घालायचा? त्यात कुणी नाक घासायला गेलं तर अजूनच वाईट. ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू केली की मार बसतो, मग सोफ्यामागे लपून करायला लागतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही.

आता हे बघा. झोपेतून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर, कारण या वयात दिवसा दोन-तीन तासांवर त्याला धरवतच नाही. तिने खिशात वाटाण्याएवढे खाऊचे तुकडे ठेवलेत. ते हुंगतंय, गोल फिरतंय, बसलं... ती गप्प उभी आहे, मध्येच बोलली तर ते अर्ध्यात सोडून धावत येईल. झालं! "शाब्बास!" आणि लगेच तुकडा तोंडात, तिथेच, एक-दोन सेकंदात. घरात येऊन दिला असता तर त्याला वाटलं असतं घरात आल्याचाच खाऊ मिळाला.

चावण्याचंही तसंच, या वयात ते काहीतरी चावणारच, हात सोडवून घ्यायचा, खेळ थांबवायचा, खेळणं पुढे करायचं आणि ते चावलं की कौतुक. गुरगुरलं म्हणून मात्र कधीही दटावू नका प्लीज, ती त्याची सूचना असते, ती बंद केली तर एक दिवस सूचना न देताच चावेल.

आठवडाभरानंतरची सकाळ. दार उघडलं, ते स्वतःच बाहेर शू करायच्या कोपऱ्यात गेलं, बसलं, आणि उठल्या उठल्या मान वर करून थेट तिच्या खिशाकडे बघतंय, कान पुढे.