सोतापन्न: काय सुटतं, काय उरतं

(दापोली तालुक्यातल्या एका विहारात वर्षावास प्रवचनमालिकेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

उपासक-उपासिकांनो, आत्ता आपण संघवंदना म्हटली. तिच्यात 'यदिदं चत्तारि पुरिसयुगानि अट्ठ पुरिसपुग्गला' असे शब्द आले. चार जोड्या, आठ व्यक्ती. सोतापन्न (मुक्तीच्या प्रवाहात उतरलेला), सकदागामी (एकदाच परतणारा), अनागामी (न परतणारा) आणि अर्हत (पूर्ण मुक्त). प्रत्येक जोडीत एक त्या फळाच्या वाटेवर असलेला आणि एक ते फळ मिळालेला. आज पहिल्या जोडीबद्दलच बोलायचं आहे, कारण तिच्याविषयी दोन चुकीचे समज पक्के बसले आहेत. एक असा, की हे सगळं चीवर घेतलेल्यांसाठी. संसारी माणसाला त्याचं काय? दुसरा असा, की शिबिरात बसलं, अंगभर झिणझिण्या आल्या, डोळे मिटून उजेड दिसला, म्हणजे झालं.

पहिला समज महापरिनिब्बान सुत्तानं केव्हाच खोडलाय. नादिका गावात मरण पावलेल्यांची गती काय झाली, असं भिक्खू आनंद यांनी विचारलं, तेव्हा भगवंतांनी त्या एका गावातले आकडे सांगितले: 50 हून अधिक उपासक अनागामी, 90 हून अधिक सकदागामी, 500 हून अधिक सोतापन्न. सगळे घरदार असलेले. त्यानंतर ते म्हणाले की माणूस गेला की दर वेळी तथागतांना विचारत बसणं त्रासाचं आहे. त्यापेक्षा ज्यानं-त्यानं स्वतःला तपासावं. त्यासाठी त्यांनी 'धम्मादास', म्हणजे धम्माचा आरसा दिला. त्यात चारच गोष्टी आहेत: बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावर न डळमळणारी श्रद्धा, आणि आर्यांना प्रिय असं शील. ध्यानात काय दिसलं, याचा त्यात उल्लेखही नाही.

आपल्या किनाऱ्याचं नावही या इतिहासात आहे. बुद्धांचे शिष्य पुण्ण स्थविर सुनापरान्त देशात गेले, आणि परंपरा तो प्रदेश सोपाऱ्याच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) आसपासचा मानते. तिथं 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. सुनापरान्तातल्या एकाच वर्षावासात पुण्णांनी 500 उपासक आणि 500 उपासिका धम्मात आणल्या, असं सुत्त सांगतं. ते सगळे सोतापन्न झाले असं सुत्त म्हणत नाही, तेव्हा आपणही म्हणू नये. शरण जाणं आणि सोतापन्न होणं यांत अंतर आहे.

ते अंतर कशाचं? परित्राण पाठात आपण रतनसुत्त म्हणतो, त्यात उत्तर आहे: दर्शन घडताच तीन गोष्टी सुटतात, सक्कायदिट्ठि (शरीर-मनालाच 'मी' मानणं), विचिकिच्छा (दुभंगलेलं मन) आणि सीलब्बत (शील-व्रतांची आंधळी पकड). दहा संयोजनांपैकी, म्हणजे मनाला जखडणाऱ्या बंधनांपैकी, ही पहिली तीन.

विचिकिच्छेबद्दल थोडक्यात सांगतो. प्रश्न विचारणं म्हणजे विचिकिच्छा नव्हे. कालाम लोकांना तर भगवंतांनी शंका घ्या असंच सांगितलं. हा मार्ग खरा की तो, हे करावं की ते, अशा दुभंगलेल्या मनानं माणूस जागच्या जागी अडकतो, ती विचिकिच्छा. ती दाबून जात नाही. दुःख कशामुळे उठतं आणि कशामुळे थांबतं, हे एकदा स्वतः पाहिलं की जाते.

सीलब्बतपरामासावर, म्हणजे या तिसऱ्या पकडीवर, जास्त बोलायला हवं, कारण आपण समजतो की कौल लावणं, नवस बोलणं सोडलं म्हणजे हे संयोजन तुटलं. सुत्तात याचं टोकाचं उदाहरण आहे: पुण्ण कोलियपुत्त गाईचं व्रत करायचा, सेनिय कुत्र्याचं; जमिनीवर टाकलेलं खायचा. हा पुण्ण वेगळा, सोपाऱ्याचा नव्हे. पण पकड व्रताच्या प्रकारात नसते, 'एवढं केलं की शुद्ध झालो' या समजुतीत असते. परित्राणाचा दोरा मनगटात बांधला म्हणजे संकट टळलं, पांढरी वस्त्रं नेसून उपोसथाचा व्रतदिवस पाळला म्हणजे वर्षभराचं फिटलं, असं मनात असेल तर कौल गेला आणि त्याची जागा दोऱ्यानं घेतली. आणि याचा उलटा अर्थही काढू नका. शील सुटत नाही; शीलाची पकड सुटते. आर्यांना प्रिय शीलाचं वर्णन करताना 'अखण्ड, अच्छिद्द' (न तुटलेलं, बिनछिद्राचं) यांच्याबरोबरच 'अपरामट्ठ', न कवटाळलेलं, हाही शब्द येतो.

आता सक्कायदिट्ठि. या दृष्टीचे वीस प्रकार धम्मदिन्ना या थेरीनं, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणीनं, विशाख उपासकाला सांगितले. रूप, वेदना, सञ्ञा, संखार, विञ्ञाण हे माणूस ज्यांचा बनतो ते पाच स्कंध, आणि प्रत्येकाकडे पाहायच्या चार रीती: रूप म्हणजे मी, रूप माझ्या मालकीचं, माझ्यात रूप, रूपात मी. हे पाठ करून काही होत नाही. घडलेल्या प्रसंगावर लावून पाहावं लागतं.

भावकीत बांधावरून बोलाचाली झाली, असं धरा. त्याच दिवशी, पण राग थोडा निवल्यावर बसा. आधी पंधरा-वीस मिनिटं नुसता श्वास पाहा. मन विखुरलेलं असताना पुढचं काम जमत नाही. मग प्रसंग आठवा आणि सुटा करा. जबडा आवळला, छाती गरम झाली, हे रूप. नकोसं वाटलं, ही वेदना. 'हा मला लुबाडतोय' असं ओळखलं, ती सञ्ञा. उलट बोलायचं ठरलं, तो संखार. हे सगळं जाणलं गेलं, ते विञ्ञाण. आता यातलं एकेक कशामुळे उठलं आणि केव्हा ओसरलं ते बघा. शब्द कानावर पडला म्हणून वेदना उठली. आठवण फिकी झाली तशी तीही उतरली. सारनाथला बुद्धांचा शिष्य कोंडञ्ञ याला दिसलं ते हेच होतं: 'यं किञ्चि समुदयधम्मं, सब्बं तं निरोधधम्मं', जे जे उठणारं, ते सगळं थांबणारं.

इथं तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, आठवता आठवता माणूस पुन्हा भांडणातच शिरतो. तसं झालं तर सञ्ञा-संखार सोडून फक्त वेदनेवर या. दुसरं, 'मी नाहीच' हे मत म्हणून धरलं जातं आणि चुकीची जबाबदारी झटकायला वापरलं जातं, हीसुद्धा दिट्ठीच, म्हणजे चुकीचं मतच. तिसरं सगळ्यांत सूक्ष्म: राग मी नाही, शरीर मी नाही, पण हे सगळं बघणारा तो मी. कोळ्याचा मुलगा असलेला साती भिक्खू इथंच अडकला होता. हेच विञ्ञाण जन्मोजन्मी फिरतं असं तो म्हणायचा, आणि कारणावाचून विञ्ञाण उठत नाही, असं भगवंतांनी त्याला बजावलं. बघणारंही डोळा आणि रूप मिळाल्यावरच उठतं. तेही तपासाच्या बाहेर ठेवू नका.

उजेड, प्रीती, शांती, सुख यांचं काय? आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात हे दहा विपस्सनुपक्किलेसांत, म्हणजे विपश्यनेला डागाळणाऱ्या गोष्टींत, घातलंय. साधना चालू असल्याची ती खूण असेल. पण साधक तिलाच मार्ग समजला की प्रगती तिथंच थांबते. म्हणून कुणी शिबिराच्या शेवटी तुम्हाला 'तुम्ही सोतापन्न झालात' असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. न मिळालेल्या फळाचा जाणूनबुजून दावा करणं हा भिक्खूसाठी चौथा पाराजिक आहे, संघातून बाहेर पडण्याइतका गंभीर.

उरतं काय, तेही नीट कळायला हवं. नाहीतर माणूस उगाच निराश होतो. कामराग (विषयांची ओढ) आणि व्यापाद (द्वेष) अनागामी होईपर्यंत उरतात. 'मी आहे' हा मान (अहंभाव) तर अर्हत होईपर्यंत. विसाखा महाउपासिका परंपरेनुसार सात वर्षांची असतानाच सोतापन्न झाली होती. तरी नात गेली तेव्हा ती भर दुपारी ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी भगवंतांकडे आली. रतनसुत्त सोतापन्नाच्या हातून वाईट होणारच नाही असं म्हणत नाही. केलेलं तो लपवू शकत नाही, असं म्हणतं. माझ्या मते रोजची सगळ्यांत चांगली तपासणी हीच. चुकलो ते घरातल्या माणसाला न विचारता सांगतो का?

सोतापन्न होण्याच्या तयारीसाठी बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त यांनी चार अंगं सांगितली: सत्पुरुषांची संगत, सद्धम्म ऐकणं, योनिसो मनसिकार (मुळापर्यंत जाऊन नीट पाहणं), आणि धम्माला अनुसरून आचरण. सोत म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग, हीही त्यांचीच व्याख्या. वर्षावासात आपण पहिली दोन अंगं पुरी करतो आणि तिथंच थांबतो. बांधाच्या भांडणावर जे केलं ते तिसरं. चौथं पंचशीलापासून सुरू होतं.

'न ते भवं अट्ठमं आदियन्ति', सोतापन्नाला आठवा जन्म नाही, जास्तीत जास्त सात, यावर दर वेळी चर्चा होते. पुनर्जन्माविषयी तुमचं मत काहीही असो, तीन संयोजनं सुटली की नाही हे याच आयुष्यात पाहायचं आहे.

शेवटी सरकानी शाक्याबद्दल, कारण त्याचा दाखला सोयीनं दिला जातो. तो वारल्यावर भगवंतांनी त्याला सोतापन्न म्हटलं, तेव्हा शाक्य संतापले: हा तर शिक्षेत, म्हणजे शीलाच्या आचरणात, दुबळा, दारू पिणारा! भगवंतांनी उत्तर दिलं की सरकानी दीर्घकाळ बुद्ध, धम्म, संघाला शरण गेलेला उपासक होता. म्हणजे पाचवं शील मोडलं तरी चालतं का? ते सुत्त शेवटपर्यंत वाचा. सरकानीनं मरणकाळी ही शिक्षा (शीलाचं आचरण) स्वीकारली, हे त्याचं शेवटचं वाक्य आहे. दाखला द्यायचा असेल तर त्या वाक्यासकट द्या.