नाव फाडलेलं पुस्तक

(बडोद्यातील एका वाचक-मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'अदलाबदलीच्या कपाटातून काय उचलावं', म्हणजे आपण वाचून झालेली पुस्तकं ठेवतो आणि हवी ती फुकट नेतो, ते कपाट. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडतो, आणि ती बडोद्यात नाही मांडायची तर कुठे?

ज्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, जिथे १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून ग्रंथालयांची घडी बसवली आणि पुढे खेडोपाडी लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं धाडली, तिथल्या लोकांना फुकट वाचनाचं मोल मी सांगायला नको. पण त्या पेट्यांच्या मागे एक अख्खं खातं उभं होतं. आपल्या कपाटामागे ना नोंदवही, ना ग्रंथपाल. पुस्तक कधीचं, कितवी आवृत्ती, कुणी छापलं, हे सांगणारी एकच जागा उरते, ती म्हणजे शीर्षकपानाची मागची बाजू. आणि लोक नेमकं तेच पान फाडून पुस्तक आणून ठेवतात!

का फाडतात ते कळतं. पानावर आपलं नाव असतं, किंवा 'लग्नानिमित्त सप्रेम भेट'. भेट आलेलं पुस्तक देऊन टाकलं हे कुणाला कळू नये. पण फाडण्यानं काय होतं बघा. हे जुनं, शिलाईचं पुस्तक हातात धरलंय. सोळा पृष्ठांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेला आठ पानांचा गठ्ठा. पण ती आठ सुटी पानं नव्हेत, मधोमध दुमडून शिवलेल्या चार जोड्या आहेत. पहिलं पान आठव्या पानाशी जोडलेलं. तुम्ही पहिलं पान मुळापासून ओढून काढलंत की आठव्याला दोऱ्याचा आधारच राहत नाही. ते डिंकावर काही महिने तग धरतं आणि मग कुणाच्या तरी मांडीवर गळून पडतं. नाव लपवलं तुम्ही, पण गोष्टीतली दोन पृष्ठं गेली पुढच्या वाचकाची.

नाव नकोच असेल तर त्यावर कोऱ्या कागदाची पट्टी लावा. खळ चारही कडांना बोटभर पुरे. सगळीकडे फासली तर पान सुरकुततं आणि कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागते. जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालत ते कसरीसाठीच, पण ते विष आहे, घरी नको. चिकटपट्टी तर मुळीच नको. ती पिवळी पडते, तिचा गोंद कागदात उतरतो आणि डाग जन्मभर राहतो.

बरं, फाडलेलं पुस्तक हाती आलंच, तर त्याचं वय काढता येतं. हा माझा आवडता भाग, म्हणून जरा रेंगाळतो. मलपृष्ठावर किंमत 'आण्यां'त असेल तर पुस्तक साधारण १९५७च्या आधीचं, कारण त्या १ एप्रिलला दशमान नाणी आली. 'न. पै.', म्हणजे नये पैसे, असेल तर १९५७ ते १९६४. 'घरांत', 'पुस्तकें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास दिसले की लेखनाचं वळण १९६२च्या शुद्धलेखन-नियमांआधीचं. तेवढ्यानं निकाल देऊ नका, काही प्रकाशक पुढेही जुनंच छापत राहिले. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे? म्हणजे ऑगस्ट १९७२नंतरचं. तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, २००७पासून; दहा आकडी असेल तर बहुधा त्याआधीचं. शके दिलं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पौष-फाल्गुनाकडे ७९. आणि पानाच्या मागून बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे लागले तर खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची छपाई, सपाट लागलं तर ऑफसेट. तुटकी वेलांटी, उडालेला रफार हीसुद्धा खिळे झिजल्याची खूण.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता पाच मिनिटांत उरकतो.

उचलण्याआधी पुस्तक नाकाशी न्या. कुबट वास आला की दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, शिलाईजवळ बघा. पावडरीसारखी पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खालीच ठेवा, शेजारच्या पुस्तकांतही ती जाते. पुस्तक उलटं धरून हलवा; बारीक भुसा पडला तर आत कीड जिवंत असू शकते. घ्यायचंच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर. लगेच उघडलीत तर थंड कागदावर दव धरतं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यातली पुस्तकं अजून येतात. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकदा ओली होऊन वाळली की एकमेकांना चिकटून वीट होते, ती सुटत नाहीत. साध्या कागदाचं पुस्तक फुगलं असलं तरी वाचता येतं, ते घ्या.

गाइडं, जुने कायदे, जुनी औषधांची पुस्तकं नकोत. चुकीची माहिती फुकटही महाग. दिवाळी अंक मात्र सोडू नका. बहुतेकांचं पुनर्मुद्रण होत नाही आणि ते रद्दीत सगळ्यांत आधी जातात.

पान फाटलेलं पुस्तक नेलंत, वय काढलंत, तर आतल्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीनं लिहा, आणि अंदाज असेल तर साल चौकोनी कंसात, प्रश्नचिन्ह घालून. शाई नको, पुढच्याला खोडता आलं पाहिजे. फाटकी पुस्तकं खालच्या कप्प्यात आहेत, पेन्सिली टेबलावर.