लिंबू, पेग आणि आचऱ्याची कालवं

नमस्कार, श्रोतेहो. जून-जुलैची बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, बाजारात मासळीच्या पाट्या पुन्हा दिसायला लागल्या. ताजा मासा कसा ओळखायचा ते मी आज सांगणार नाही. कल्ले उचलून लाली बघायची, बोटानं दाबून बघायचं, हे तुमच्या आजीनं तुम्हांला शिकवलेलंच आहे. मला सांगायचंय ते असं, की ताजं आहे म्हणून कच्चं चालतं असं नाही. शिंपल्यांच्या बाबतीत तर नाहीच नाही. पुन्हा सांगते, ताजं असलं तरी शिजवूनच.

आता आमच्या बाळकाकांची गोष्ट ऐका. जन्म आचऱ्याचा, नोकरी मुंबईत, जीभ मात्र कायम खाडीवर. साखर जुनीच होती, निवृत्तीनंतर यकृताचं दुखणंही निघालं. तरी मे महिन्यात गावी आले की ओहोटीला काका खाडीवर हजर. तिथे बायका खडकावरची कालवं काढत उकिडव्या बसलेल्या असायच्या. शिंपीच्या फटीत लोखंडाचं टोक घालायचं, मनगटाला एक हिसडा द्यायचा, की वरचं झाकण उडालं आणि आतला राखाडी गोळा वाटीत. काका खिशातून प्लास्टिकची पिशवी काढायचे. तीत घरून कापून आणलेलं लिंबू. एखादं कालव शिंपीतच मागून घ्यायचे, वर लिंबू पिळायचे आणि सुर्रकन आत. 'लिंबानं सगळे जंतू मरतात,' हे त्यांचं शास्त्र. आणि लिंबातून वाचलेले रात्रीच्या पेगात मरतात, हे त्याच शास्त्राचं दुसरं प्रकरण. काकूंनी त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी खडकावर एक म्हातारी आक्का बसली होती. काकांना अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखणारी. तिनं काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं, पिवळट झाक पाहिली, आणि वाटी पदराआड घेतली.

"बाळा, तुका कच्ची देवचंय नाय."

काका चिडले. "अगो आक्का, आत्ता खडकावरसून काढलंस. ह्येच्यापेक्षा ताजी खंय गावतली?"

आक्का म्हणाली, "ताजी म्हणजे जिती. आणि तेंच्या पोटात जां आसा, तां पण जिताच."

एवढं बोलून ती उठली आणि वाटी घेऊन सरळ आमच्या घराकडे चालायला लागली. पुढे आक्का, मागे हातात लिंबाची फोड घेतलेले मुंबईचे निवृत्त साहेब, अशी ती वरात अख्ख्या वाडीनं पाहिली. मागीलदारी जाऊन तिनं वाटी काकूंच्या हातात दिली. "वयनी, बरी शिजव. आणि ह्येच्या हातात सुरी देव नको." काकूंनी सुकं केलं. कांदा, ओलं खोबरं आणि सोलं. (कालवांच्या सुक्यात टोमॅटो घालणारे लोक आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांच्याकडे जेवायला जात नाही.) काका पडवीत रुसून बसले होते. मसाल्याचा वास आला तसे आत आले आणि तांदळाच्या भाकरीबरोबर सगळं सुकं एकट्यानं संपवलं. काकूंना कढई पुसायला मिळाली.

आक्काचं बरोबर होतं. कालव दिवसभर पाणी गाळत बसतं आणि पाण्यातलं जे असेल ते पोटात साठवतं. खाडीच्या मचूळ, तापलेल्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू आपसूक वाढतात, त्याला घाण पाणीच लागतं असं नाही. वास बदलत नाही, चव बदलत नाही. धडधाकट माणसाचं जुलाबावर भागेल. पण ज्याला यकृताचा आजार आहे, मधुमेह आहे, कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्याच्या रक्तात यातला एक प्रकार शिरला तर साधारण निम्मे रुग्ण दगावतात, कधी एक-दोन दिवसांत. लिंबानं तो मरत नाही, मिरचीनं नाही, पेगनं नाही. फ्रीझरमध्ये ठेवल्या की तिसऱ्या, म्हणजे छोट्या शिंपल्या, पटकन उघडतात, पण फ्रीझरचाही भरवसा नाही. मारते ती आचच. शिंपलं उकळत्या पाण्यात उघडलं की आणखी तीन ते पाच मिनिटं उकळू द्या. शिजूनही उघडलं नाही ते फेकून द्या. आणि ज्या विळीवर मासे कापलेत तिच्यावर तशीच कोशिंबिरीची काकडी चोचवू नका.

शिजवूनही जात नाही अशा दोन गोष्टी आहेत. एक, उन्हात राहिलेला बांगडा. त्यात हिस्टामिन तयार होतं आणि तळलं तरी तसंच राहतं. जेवणानंतर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. म्हणून बांगडा, तारली घेतली की तडक घरी, वाटेत गप्पा नकोत. दुसरी गोष्ट पारा. मोठा मासा लहानांना खात मोठा होतो, तसा त्याच्यात पारा साठत जातो. आपल्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, पण मोरी म्हणजे शार्कच. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं ती टाळावी, मोठी सुरमईही रोज नको. तारली, मांदेली, बोंबील खुशाल खा, नीट शिजवून. तसंही हॉटेलातल्या सुरमई थाळीपुढे लोक रांगा लावतात आणि तारलीला नाक मुरडतात, हे मला कधी कळलेलं नाही. थाळीत सुरमईचा तुकडा केवढा असतो ते बघितलंय ना?

एक राहिलं. जंतू तोंडातूनच शिरतो असं नाही. शिंपीनं बोट कापलं, किंवा पायाला जखम असताना खाडीत उतरलात, तरी तो शिरतो. जखम साबण-पाण्यानं लगेच धुवा. ती सुजली, भोवती लाली चढली, फोड आले, किंवा शिंपलं खाल्ल्यावर थंडी-ताप भरला, तर सकाळची वाट बघू नका. आणि दवाखान्यात आधी हे सांगा, की खाडीत उतरलो होतो, कालवं खाल्ली होती. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.

नमस्कार.